नोंदीवाचून अनुभव व्यर्थ

हळदीचे अमेरिकी पेटंट १९९७ साली रद्द झाले, ते आपल्याकडे लिखित पुरावा होता म्हणूनच. पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्र केंद्र १९८७ साली सुरू झाले. जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयुर्वेदीय व्याधिनामांना सांकेतांक दिले. आता नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आयुर्वेदासाठी वैद्यकीय माहितीशास्त्राचा विभाग उभारावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परंतु त्या विभागास नोंदी पुरविणार कोण? शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील आमवाताच्या रुग्णास उतार पडतो, केसपेपर मात्र रद्दीत जातो. वैद्यबंधूंनी निदान, मात्रा, अनुपान, उपशय आणि अपाय झाल्यास तोही लिहावा. औषधविक्रेत्यांनी गुळवेल कोणत्या रानातून, कोणत्या ऋतूत आली हे नोंदवावे. अन्यथा आपला अनुभव आपल्याबरोबरच संपेल.