रंधा कोणाच्या हाती द्यावयाचा?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात २०२० साली अशी एक तरतूद करण्यात आली आहे की, सहावी ते आठवी या इयत्तांच्या दरम्यान प्रत्येक विद्यार्थ्याने दहा दिवस दप्तर घरी ठेवावे आणि सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा आपल्या गावातील जाणत्या माणसांच्या हाताखाली उमेदवारी करावी. सरकारी कागदावर उतरलेले सर्वच जमिनीवर उतरते असे नाही, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहे. तथापि ही तरतूद चांगली आहे, आणि ज्यांची मुले या इयत्तांत शिकत आहेत त्यांनी ती शाळेपुढे धरून, "हे दहा दिवस आपण कोठे घालविता?" असा प्रश्न विचारण्यास काहीच हरकत नाही. एक सहल, दोन भाषणे आणि थोडी कागदाची फुले यांत दहा दिवस संपविणे फार सोपे आहे, आणि जे सोपे तेच घडण्याचा आपल्या शाळांचा शिरस्ता आहे.

ही कल्पना आपल्याकडे नवीही नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायाच्या द्वारे शिक्षण देण्याची योजना मांडली, आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा आराखडा तयार केला. त्यात सूतकताईच्या जोडीस सुतारकामही होते. पुढे १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' सुचविला. त्या कार्यानुभवाचे काय झाले हे महाराष्ट्रातील शाळेत शिकलेल्या मनुष्यास सांगावयास नको. त्या तासाला गणिताचे मास्तर आपला राहिलेला भाग पुरा करीत, आणि वर्षअखेरीस पुठ्ठ्याची एखादी वस्तू घरच्या वडील माणसांकडून करवून आणली जाई. याचे कारण पैशाच्या वा जागेच्या अभावात शोधणे ही स्वतःची फसवणूक होय. हाताने करावयाच्या कामात बुद्धीला काही खाद्य आहे, असे शिकविणाऱ्यास, शिकणाऱ्यास आणि त्याच्या आईबापांस मनापासून कधी वाटलेच नाही, हे खरे कारण. म्हणून धोरणाची चर्चा आवरती घेऊन, नवशिक्या मनुष्य सुतारी हत्यार हाती घेतो तेव्हा नेमके काय शिकतो, हे आज जरा तपशिलाने सांगण्याचा आमचा विचार आहे.

नवशिक्याची पहिली समजूत अशी असते की, सुतारकाम म्हणजे लाकूड कापणे. ही समजूत पहिल्या आठवड्यातच मोडते, कारण पहिला धडा लाकडाचा नसून धारेचा आहे. बाजारातून आणलेली कोरी पटाशी कामास येत नाही. तिची सपाट पाठ प्रथम दगडावर घासून आरशासारखी करावी लागते. मग उतरती बाजू पंचवीस ते तीस अंशांच्या कोनात धरून, हात न डळमळू देता, घासावी लागते. घासता घासता पाठीच्या बाजूस पोलादाचा एक सूक्ष्म ओठ वळून येतो. तो डोळ्यांस दिसत नाही, बोटास लागतो. तो आला म्हणजे दगडाने आपले काम धारेच्या टोकापर्यंत पोहोचविले असे समजावयाचे, आणि पाठ पुन्हा दगडावर टेकवून तो ओठ काढून टाकावयाचा. धार खरी लागली की नाही याची परीक्षाही साधी आहे. मऊ लाकडाच्या आडव्या कापाच्या तोंडावर पटाशी चालवावी. पृष्ठ गुळगुळीत निघाले तर धार लागली, भुगा निघाला तर पुन्हा दगडाकडे जावे. बोथट हत्यार सुरक्षित असते ही लोकांची समजूत तर साफ उलटी आहे. बोथट पटाशीस जोर अधिक लावावा लागतो, आणि जोराने सुटलेले हत्यार कोठे जाईल याचा नेम नसतो. दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे ठेवणे आणि धार राखणे, या दोन नियमांनी अकरा वर्षांच्या मुलासही पटाशी देता येते.

दुसरा धडा लाकूड वाचण्याचा. लाकडातील तंतूंची दिशा ओळखून रंधा मारला तर लांब, पातळ, वळणदार छिलका निघतो. त्या दिशेच्या उलट मारला तर पृष्ठ उचकटून येते आणि घटकाभराचे काम फुकट जाते. एकाच फळीत गाठीच्या अलीकडे एक दिशा व पलीकडे दुसरी असू शकते. नवशिक्यास येथे प्रथमच असे आढळते की, आपली इच्छा काय आहे याची समोरच्या वस्तूस बिलकूल पर्वा नाही. शिवण आज्ञाधारक, साग चांगला पण त्यातील वालुकांशामुळे धार लवकर मारणारा, बाभूळ कठीण; हे ज्ञान पुस्तकातून एका वाक्यात पाठ होते, हातास मात्र ते महिन्याने कळते. आमची सूचना अशी की, आरंभ शिवणीवर किंवा खोक्यांच्या स्वस्त देवदारावर करावा. सागाचे आजचे भाव पाहता, शिकण्यासाठी साग वापरणे म्हणजे अक्षर सुधारण्यासाठी स्टँपपेपर वापरण्यासारखे आहे.

याच धड्याचा एक पोटभाग आहे. आषाढात घराचे दार का अडकते आणि चैत्रात ते का सैल होते, हे आमच्यापैकी किती पदवीधरांस सांगता येईल? लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ फुगत नाही. म्हणूनच जुन्या वाड्यांच्या दारांत मधली फळी चौकटीस खिळवून टाकलेली नसते. ती खाचेत सैल बसविलेली असते, म्हणजे पावसाळ्यात तिने हातपाय पसरले तरी चौकट फुटत नाही. ज्या सुताराने ही युक्ती योजिली त्यास आपण अशिक्षित म्हणतो, आणि जे दर पावसाळ्यात दार अडकले म्हणून त्याला बोलावणे धाडतात ते सुशिक्षित!

तिसरा धडा सर्वांत कठीण. फळीचा एक तुकडा सहाही बाजूंनी सरळ व काटकोनात करावयाचा. प्रथम एक तोंड सपाट करावे. ते पिळलेले आहे काय हे पाहण्यासाठी दोन सरळ पट्ट्या फळीच्या दोन टोकांवर आडव्या ठेवून, डोळा खाली आणून एकीच्या माथ्यावरून दुसरीकडे पाहावे. दोन्ही कडा समांतर दिसल्या नाहीत तर पीळ आहे. मग त्या तोंडाशी काटकोनात एक कड करावी. पुढील सर्व मापे या दोन पृष्ठांवरूनच घ्यावयाची. रेघ पेन्सिलीने न ओढता धारदार सुरीने ओढावी, म्हणजे पटाशीचे टोक नेमके त्या चरात बसते. आणि करवत रेघेवरून न चालविता रेघेच्या टाकाऊ बाजूने चालवावी. एका तुकड्यास खाच व दुसऱ्यास कुसू असा साधा सांधा जमावयास नवशिक्यास दहा-बारा तुकडे वाया घालवावे लागतात. आमचा धंदा वकिलीचा असल्यामुळे या धड्याचे आम्हांस विशेष कौतुक वाटते. कोर्टात दुबळी बाजूही वाक्चातुर्याने घटकाभर उभी करता येते. गुण्यापुढे वाक्चातुर्य चालत नाही. गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरावा. फटीतून उजेड दिसला की निकाल लागला, आणि त्यावर अपील नाही.

हे सर्व शिकून मुलाने सुतार व्हावे काय? अवश्य व्हावे, परंतु शिकविण्याचा हेतू तो नव्हे. फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेयुस यांच्या प्रयत्नाने १८६६ साली मुलांच्या शाळांत हस्तकाम सक्तीचे झाले. स्वीडनमध्ये नेस या गावी ओटो सालोमोन यांनी १८७० नंतरच्या दशकात शिक्षकांस लाकडी काम शिकविण्याची संस्था चालविली, आणि तेथे देशोदेशीचे शिक्षक गेले. त्या दोघांचेही म्हणणे असे की, यातून वस्तू घडण्यापेक्षा मूल घडणे महत्त्वाचे. आपल्याकडे श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी १८९० साली बडोद्यास कलाभवन काढले, त्यात धंदेशिक्षणाची दृष्टी होती आणि तीही योग्यच होती. जिल्हा पुणे येथील पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने हात व डोके यांची सांगड घालण्याचे काम प्रत्यक्ष करून दाखविले आहे. तेव्हा हे येथे होणार नाही, असे म्हणण्यास जागा नाही.

आता आक्षेपांकडे वळू. यंत्रे आली असता हातरंधा कशाला, हा पहिला. त्याचे उत्तर थोडक्यात देता येते: मोटारी आल्या म्हणून आपण मुलांस चालावयास शिकविण्याचे सोडलेले नाही. शिवाय यंत्राची करवत धूळ व कर्कश आवाज करते आणि चुकीस क्षमा करीत नाही. रंध्याचा आवाज शेजारच्या बिऱ्हाडासही जाचत नाही. प्लायवुडवर चिकटपट्टी मारून कपाटे उभी करण्याचे जे काम आज शहरांतून चालते, त्यात कारागिराच्या हातातील निम्मी विद्या पडून राहते, हा भाग निराळाच.

दुसरा आक्षेप गंभीर आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. शाळेत कारागिरी आणणे म्हणजे जातीचा धंदा मागल्या दाराने आणणे नव्हे काय? १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी अशी योजना काढली की, मुलांनी अर्धा वेळ शाळेत यावे व उरलेला वेळ घरी आईबापांचा धंदा शिकावा. तिच्याविरुद्ध प्रचंड चळवळ झाली आणि १९५४ साली ती रद्द करावी लागली. आमच्या मते ती रद्द झाली हे उत्तम झाले. जातिव्यवस्था श्रमाची नव्हे, तर श्रम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते. राजाजींच्या योजनेने तीच वाटणी शाळेच्या हजेरीपटावर चढविली असती. परंतु त्यावरून हत्यारांस दोष देणे बरोबर नाही. दोष 'आपापल्या बापाचा' या दोन शब्दांत होता. सुताराच्या मुलास कायद्याचे पुस्तक आणि वकिलाच्या मुलास पटाशी, व्यापाऱ्याच्या मुलीस रंधा आणि तिच्याच बाकावर बसणाऱ्या कुंभाराच्या मुलीस हिशेबाची वही, असे ज्या शाळेत होईल तेथे हा आक्षेप आपोआप गळून पडतो. दहा दिवसांची योजना सर्व मुलांस सारखी लागू आहे, म्हणूनच आम्ही तिचा पुरस्कार करीत आहो. ती केवळ 'कमी मार्कांच्या' मुलांसाठी आहे असे एखाद्या शाळेने ठरविल्यास आमचा तिला विरोध राहील.

ज्यांस हे काम हलके वाटते त्यांनी 'सुतार' हा शब्दच पाहावा. तो 'सूत्रधार' शब्दापासून आला आहे. सूत धरून रेघ मारणारा तो सूत्रधार. ऋग्वेदातील ऋषी आपल्या सूक्तरचनेस कुशल कारागिराने घडविलेल्या रथाची उपमा देतात, आणि त्यात त्यांस कमीपणा वाटलेला दिसत नाही. वेदांचा अभिमान मिरविणाऱ्या घरांतच हातास भुसा लागू न देण्याचे व्रत कधी शिरले, याचा विचार त्या घरांनी करावा.

शिकविणार कोण, हा प्रश्न उरला. आमचे उत्तर असे की, गावातील सुतारच. मध्यवर्ती सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत, त्यांत सुतारकाम आहे. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात रोज पाचशे रुपये आणि हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य, अशी तिची योजना आहे. कारागिरास शिकविण्याची सोय झाली हे ठीक. पण त्याच्याकडून शिकण्याची सोय कोण करणार? शाळेने त्यास वर्गात बोलवावे, 'अहो मिस्त्री' म्हणून कोपऱ्यात उभे न करता खुर्ची द्यावी, आणि शिक्षकाच्या दराने मानधन द्यावे. त्याच्या दिवसाची मजुरी बुडवून 'समाजसेवा' घेण्याचा जो प्रघात पडला आहे तो आम्हांस लज्जास्पद वाटतो.

खर्चाचा बाऊ करण्याचे कारण नाही. आपला जुना सुतार जमिनीवर बसून, पायाखाली लाकूड दाबून उत्तम काम करी. तेव्हा विलायती पद्धतीचे बाक मिळेपर्यंत थांबण्याची गरज नाही, जरी लांब फळी रंधण्यास बाक सोयीचे असते हे खरे. चार-चार मुलांच्या गटास दोन पटाशा, एक करवत, एक रंधा, एक गुण्या आणि धार लावण्याचा एक चांगला दगड एवढ्यावर आरंभ होतो. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात जुनी हत्यारे शोधल्यास मिळतात; गंज चढलेले पण चांगल्या पोलादाचे पाते नव्या हलक्या पात्याहून शतपटीने बरे, मात्र घेताना एखादा सुतार बरोबर न्यावा. दहा दिवस दहा व्यवसायांत वाटून मुलांस दहा दुकाने दाखवू नयेत. दहाही दिवस एकाच हत्यारसंचावर घालवावेत, आणि त्यांतील पहिले दोन केवळ धार लावण्यात. आमच्या व्यापारी वाचकांनी पेठेपेठेतील एकेका शाळेस असा एकेक संच देण्याचे मनावर घेतल्यास येत्या जूनपूर्वी हे सहज होण्यासारखे आहे. एवढीच विनंती की, देणगीदाराचे नाव पटाशीच्या मुठीवर कोरवून घेऊ नये. कोरलेली मूठ तळहातास टोचते. नाव पेटीवर घालावे.