एक संहिता, अनेक यंत्रे

‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या रूपांत मराठी वाचकाची गल्लत होत नाही. पहिल्यात गुरू आहे, दुसऱ्यात स्वयंपाकी. हा भेद प्रत्येक संगणकावर सारखाच राखला जातो की नाही, हे पाहण्याची जबाबदारी कोणाची, असा प्रस्तुत टिपणाचा प्रश्न आहे.

‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येते : एकच संकेत म्हणून, किंवा ‘र’ आणि नुक्ता असे दोन संकेत जोडून. दोन्ही रूपे समतुल्य मानावीत असा नियम आहे. ॲपलची १९९८ सालची एचएफएस प्लस ही व्यवस्था फाइलच्या नावातील असे अक्षर विघटित करून ठेवी. लिनक्सवर ते सामान्यतः जसे दिले तसेच राहते. परिणामी एकच नाव दोन यंत्रांवर दोन नावे ठरू शके. गिट या मुक्तस्रोत प्रणालीला त्यासाठी २०१२ मध्ये स्वतंत्र सोय करावी लागली.

प्रोसेसरांतही मतभेद आहेतच. अनेक बाइटांची संख्या साठविताना इंटेलच्या घराण्यात कनिष्ठ बाइट आधी येतो, तर आयबीएमच्या एस३९०एक्समध्ये ज्येष्ठ. डेबियन आपली हजारो पॅकेजे दोन्ही पद्धतींच्या यंत्रांसाठी बांधते आणि पुष्कळांच्या चाचण्या त्याच वेळी चालविते. एकीकडे दडलेला दोष दुसरीकडे उघडा पडतो.

मोजक्यांच्या यंत्रांसाठी इतके श्रम कशाला, असा आक्षेप घेतला जातो. परंतु असा दोष बहुधा यंत्राचा नसतो. लिहिणाऱ्याने नकळत धरलेल्या गृहीताचा असतो. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना शारदा, ग्रंथ, मलयाळम अशा अनेक लिप्यांतील पोथ्या ताडून पाहिल्या, त्या अशाच सावधपणातून.

स्रोत मुक्त असल्याने चिकित्सेची मुभा मिळते. चिकित्सा आपोआप होत नाही. आज्ञावली लिहिणाऱ्या दूरदेशीच्या स्वयंसेवकाला आचारी आणि आचार्य यांतील अंतर ठाऊक असण्याचे कारण नाही. ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून प्रत्येक भाषाविभागाने आपल्या भाषेतील अशा अवघड रूपांचे चाचणीवेचे तयार करून या प्रकल्पांच्या हाती द्यावेत. आपले ग्रंथसंग्रह संगणकावर चढत असताना हे काम इतरांवर सोपविणे म्हणजे पाठनिर्णय लेखनिकावर सोपविण्यासारखे आहे.