गाठ सुटली तरी रजई फुगेना

दोन वर्षांपूर्वी पौषात आमचा मुलगा मित्रांसमवेत साल्हेरवर मुक्कामाला गेला होता. बागलाणातील हा किल्ला १५६७ मीटर उंच. रात्र माथ्यावरच्या गुहेत काढायची. सोबत गिर्यारोहकांची हलकी रजई होती. परतल्यावर म्हणाला, "आई, रात्रभर कुडकुडलो." रजई तीच होती आणि आदल्या वर्षी तिने उत्तम ऊब दिली होती. मी ती उजेडासमोर धरून पाहिली, तर मधला थर जागोजागी विरळ झालेला आणि कडेला गोळे जमलेले. दोष माझाच. जागा वाचावी म्हणून हवा काढून घेणाऱ्या पिशवीत घालून, वर गाद्या रचून, मी ती वर्षभर माळ्यावर ठेवली होती.

सासऱ्यांची हयात रुईच्या व्यापारात गेली. ते म्हणाले, "सूनबाई, १७० किलोची गाठ दाबून बांधतात ती माल हलवायला. गिरणीत तिचे पहिले काम म्हणजे गाठ फोडून रुई मोकळी करणे."

रजईत ऊब भरलेली नसते. तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा आपल्याच अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. फुगीरपणा गेला की त्या हवेची जागाही गेली. घरच्या कापसाच्या रजईला निदान उपाय आहे, पिंजाऱ्याकडून कापूस पुन्हा पिंजून घेता येतो. पॉलिएस्टरचे दबून मोडलेले तंतू मात्र पूर्ववत होत नाहीत. बदक-हंसांच्या पिसांची 'डाऊन' रजई दाब अधिक सोसते, हे खरे. परंतु ती पिसे कोठून येतात हे जाणणाऱ्या आपल्या घरांत ती येणार नाही. म्हणून खरेदीच्या वेळी लेबल वाचावे आणि पॉलिएस्टरला अधिक जपावे.

प्रवासात एक-दोन दिवसांचा दाब चालतो. पाठपिशवीत आधी प्लॅस्टिकचे अस्तर घालावे आणि रजईची घडी न करता ती मुठीमुठीने भरावी. दर वेळी एकाच रेषेवर घडी पडली की तेथेच तंतू मोडतात. मुक्कामी पोचताच, स्वयंपाकाला लागण्यापूर्वी, ती बाहेर काढून झटकून पसरावी.

घरी आल्यावर खरी काळजी. रात्रभरात अंगाचा दमटपणा रजईत उतरलेला असतो, तेव्हा आल्या दिवशीच ती वाऱ्यावर टाकावी. धुवायची झाल्यास सौम्य साबण वापरावा, पिळू नये. पाणी हाताने दाबून काढावे आणि सावलीत आडवी पसरून पूर्ण वाळवावी. चातुर्मासापूर्वीच्या आवराआवरीत हे काम हमखास करावे, कारण श्रावणात दमट राहिलेल्या कपड्याला बुरशी लागते आणि पुढे जीवजंतूही होतात. मग जुन्या सुती साडीची ऐसपैस खोळ शिवून, शिवणी नीट पाहून, रजई तीत सैल ठेवावी. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, वर काहीही न रचता. पत्र्याखालचा माळा नको.

बिघडलेली ती रजई आता झोपाळ्यावर अंथरलेली असते. सासरे दुपारी तीवरच बसतात.