भुंगेरा दिसण्याआधी

पावसाळ्यापूर्वी मूग, चवळी, हुलगे वाळवून आपण डबे भरून ठेवतो. गौरी-गणपतीला डबा उघडावा, तर आत भुंगेरे! कन्नड सासूबाई म्हणणार, 'हुळ बिद्दाव.' मग चाळण, सूप आणि चिडचिड.

गेल्या वर्षी इंदूरला नणंदेकडे गेले असताना तिच्याबरोबर सियागंजमध्ये गेले होते. स्टेशनजवळचा हा किराण्याचा मोठा ठोक बाजार. मी मुगात किडे शोधत होते. दुकानदार म्हणाले, "भाभीजी, घुन नहीं, अंडा ढूँढिए." त्यांनी तळहातावर मूग घेऊन एका दाण्यावरचा बारीक पांढरा ठिपका दाखवला.

मैत्रिणींनो, सगळी गोष्ट त्या ठिपक्यापासून सुरू होते. बरेचदा हे अंडे शेतात, पिकत्या शेंगेवरच घातलेले असते. ५-६ दिवसांत अळी तयार होते आणि अंड्याखालूनच थेट दाण्यात शिरते. २-३ आठवडे आतला गर खाते, तिथेच कोष करते आणि भुंगेरा होऊन गोल भोक पाडून बाहेर येते. उबदार हवेत हे सारे महिनाभरात आटोपते. बाहेर आलेला भुंगेरा मात्र आपले धान्य खात नाही. आठ-पंधरा दिवसांच्या आयुष्यात मादी १०० च्या आसपास अंडी घालून मोकळी होते. म्हणजे तो आपल्याला दिसतो तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते आणि पुढच्या पिढीची तयारी सुरू असते.

अशा वेळी घाबरून कुणी डब्यात विषारी गोळ्या ठेवतात. ॲल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी हवेतल्या ओलाव्याने फॉस्फीन वायू सोडते. या विषावर उतारा नाही. ती गोदामासाठी, शिकलेल्या हातांसाठी असते. जिथे मुले झोपतात त्या घरात ती कधीही आणू नका.

त्यापेक्षा अंड्यालाच गाठा. कडधान्य कडक उन्हात तापवून, गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. किलोला चमचाभर खाद्यतेल चोळले तर अंडी गुदमरतात. थोडेच असेल तर आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. नवे धान्य जुन्यात मिसळू नका. शक्य तिथे डाळ साठवा, ती अख्ख्या दाण्यापेक्षा कमी किडते.

आणि मूग आणलेत की मूठभर ताटात पसरून नातवंडांना पांढरे ठिपके शोधायला बसवा. त्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते.