नशीब तुला बदडो!

रुमानियन आई लाडक्या पोराला म्हणते, ‘नशीब तुला बदडो!’ खरा शाप ‘देव तुला बदडो’. मायेने बदडणारा बदलला, साचा तोच! मला तर आजीचे ‘मेल्या’ आठवले.

पण संतापाची शिवी थेट देवघरात शिरते. समोरच्याच्या आईचे नाव घ्यावे आणि ईस्टरचा सण, मेणबत्ती, श्राद्धाचा गोड गहू, यांतले काहीही त्याला जोडावे. वाचकहो, कानांत बोटे घालू नका. सोवळे नेसून बसलेल्याला अर्धी भाषा दिसतच नाही.

सैतानाचे नाव मात्र उच्चारवत नाही. म्हणून ‘उचिगल तोआका’. मठात प्रार्थनेची वर्दी देण्यासाठी ठोकतात ती लाकडी पट्टी म्हणजे तोआका. ‘ती त्याला मारो’. शाप हेच नाव!

ट्रान्सिल्व्हानियात हंगेरियन शिव्यांची भेसळ, प्रुत नदीपलीकडे रशियन.

आणि शाप म्हणजे नुसती तोंडाची वाफ नव्हे. मोल्दाव्हिया-वालाकियाच्या राजांच्या जुन्या दानपत्रांत, दान मोडणाऱ्यावर इ. स. ३२५ च्या निकेया धर्मसभेतील ३१८ धर्मपित्यांचा शाप घातलेला आढळतो. राजा मेल्यावर मठाची जमीन राखायला दुसरे होते कोण?