शिक्षकाचा डॅशबोर्ड आणि त्याचा खरा मालक

शिक्षकासाठीचा डॅशबोर्ड म्हणजे वर्गातील मुलांची हजेरी, प्रगती आणि अडचणी एका पडद्यावर अशा मांडणारी सोय, की ती पाहून पुढे काय करायचे हे शिक्षकाला ठरवता यावे. माहितीच्या दृश्य मांडणीचे अभ्यासक स्टीफन फ्यू यांनी २००४ मध्ये डॅशबोर्डची जी व्याख्या केली, तिच्यात तीन अटी येतात: ठरावीक उद्दिष्टासाठी सर्वांत महत्त्वाची तेवढीच माहिती घ्यावी, ती एकाच पडद्यावर मावावी आणि नजर टाकताच कळावी. शालेय शिक्षणात पहिलीच अट पाळली जात नाही. उद्दिष्ट कोणाचे, वर्गात शिकवणाऱ्याचे की वर्गावर देखरेख ठेवणाऱ्याचे, हे न ठरवताच पडदा आखला जातो.

महाराष्ट्रातील शाळांची स्थिती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. देशभरच्या शाळांची माहिती यूडायस या प्रणालीत २०१२-१३ पासून गोळा होऊ लागली, २०१८-१९ मध्ये ती यूडायस प्लस या ऑनलाइन रूपात आली आणि २०२२-२३ पासून शाळावार आकड्यांच्या जागी प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद मागितली जाऊ लागली. त्याआधीच, २०१५ मध्ये, शाळा आणि विद्यार्थी यांच्या नोंदींची राज्याची सरल प्रणाली सुरू झाली होती. वेतनासाठी शालार्थ आहे, पोषण आहाराची रोजची लाभार्थी संख्या वेगळी भरायची असते, आधार पडताळणी आहे, चाचण्यांचे गुण ऑनलाइन भरायचे असतात. यांतील एकही प्रणाली निरर्थक नाही. शिक्षकपदांची संचमान्यता, धान्यपुरवठा, शिष्यवृत्ती यांना खरी माहिती लागतेच. पण ही सगळी माहिती शाळेतून शाळासमूहाच्या केंद्राकडे, केंद्रातून गटाकडे आणि तिथून जिल्ह्याकडे चढत जाते. जिने ती भरली, त्या शिक्षिकेकडे ती उपयोगी रूपात क्वचितच परत येते. अशा प्रणालीवर आलेखांचा एक नवा पडदा चढवून त्याला शिक्षकांचा डॅशबोर्ड म्हणण्याचा आग्रह धरला जातो, तेव्हा त्यामागची गृहीतके एकेक करून तपासावी लागतात.

माहिती जितकी अधिक तितका निर्णय अचूक, हे त्यांपैकी पहिले गृहीतक. त्याला विरोध करणारे बहुधा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या निबंधातील सातचा आकडा पुढे करतात आणि पडद्यावर सातांहून अधिक चौकटी नकोत असे सांगतात. हे उत्तर अस्थानी आहे. मिलर यांचा तो निष्कर्ष तात्पुरत्या स्मृतीत किती घटक धरून ठेवता येतात याबद्दलचा होता; डोळ्यांसमोर दिसत असलेल्या गोष्टी लक्षात ठेवाव्या लागत नाहीत. भरगच्च पडदा वाईट ठरतो तो वेळेमुळे. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता असे गणित असते, तिथे एका वर्गाला लेखन देऊन दुसऱ्या वर्गाकडे वळताना शिक्षिकेच्या हातात मिनिटभरच असते. त्या मिनिटात बारा चौकटी वाचून त्यांतून अर्थ काढायचे काम तिच्यावर टाकणे म्हणजे डॅशबोर्डने करायचे काम तिने करणे होय.

दुसरे गृहीतक आलेखांचे. टक्केवारीची वर्तुळे, चढते-उतरते स्तंभ आणि लाल-पिवळे-हिरवे रंग आले की पडदा समजण्यास सोपा झाला, असे मानले जाते. वर्गाची गणिताची सरासरी साठ टक्के आहे हे रंगीत स्तंभात दिसल्याने शिक्षकाला काय कळते? सगळी मुले साठच्या आसपास असतील तर सर्वांसाठी एकच उजळणी पुरेल. अर्धी मुले नव्वदला आणि अर्धी तिसाला असतील तर दोन गट करून वेगवेगळे शिकवावे लागेल. सरासरी दोन्ही वर्गांची सारखीच दिसते. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला शेकडो शाळांचा अंदाज घेण्यासाठी सरासरी लागते. तीस मुलांना नावाने ओळखणाऱ्या शिक्षकाला लागतात ती नावे: हातच्याची वजाबाकी कोणकोणाची अडते आणि त्यांपैकी कोणाला त्याआधीचे स्थानिक किमतीचे ज्ञानच पक्के नाही.

अशा थेट उपयोगी माहितीचे उत्तम उदाहरण संगणकाच्या पडद्यावरचे नाही. प्रथम संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत आलेल्या असर सर्वेक्षणात वाचनाची चाचणी एका कागदावर मावते: अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल एकेकटे समोर बसते आणि थोड्या वेळात त्याचा स्तर कळतो. सर्वेक्षण म्हणून असरच्या निष्कर्षांवर वाद होऊ शकतात, पण साधन म्हणून त्या कागदाची ताकद निर्विवाद आहे. ‘शब्द’ स्तर असे म्हणताच कोणत्या मुलांना एकत्र बसवायचे आणि त्यांच्याकडून काय वाचून घ्यायचे हे ठरून जाते. प्रथमची स्तरानुसार गट करून शिकवण्याची पद्धत याच पायावर उभी आहे. शिक्षकाच्या डॅशबोर्डवरील प्रत्येक आकडा, त्यावरून पुढची कृती ठरते का, याच कसोटीला लावायला हवा.

मोजमाप केले की शिक्षण आपोआप सुधारते, हे गृहीतक सर्वांत घातक आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या धोक्याची पातळी लाल, पिवळ्या आणि हिरव्या दिव्यांनी दाखवणारी ‘कोर्स सिग्नल्स’ ही प्रणाली आणली. तिचे दोन किंवा अधिक अभ्यासक्रम घेतलेले विद्यार्थी विद्यापीठात टिकून राहण्याचे प्रमाण लक्षणीय जास्त आहे, असा दावा जगभर गाजला. २०१३ मध्ये टीकाकारांनी त्यातली चूक दाखवली. जे विद्यार्थी जास्त काळ टिकले, त्यांच्या वाट्याला असे अभ्यासक्रम जास्त येणारच होते. दिव्यांमुळे ते टिकले असे त्यातून सिद्ध होत नव्हते. कारण आणि परिणाम यांची अशी अदलाबदल महाविद्यालयीन पातळीवरच्या, साधनसंपन्न प्रकल्पातही होऊ शकते, तर प्राथमिक शाळेतील मुलाच्या नावापुढे यंत्राने लावलेला लाल ठिपका किती जपून वाचायला हवा! सात-आठ वर्षांच्या मुलावर बसलेला शिक्का वर्षानुवर्षे त्याच्या नोंदीत राहू शकतो.

मोजमापाचा दुसरा धोका सामाजिक शास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७६ मध्ये मांडला. एखाद्या आकड्यावर सामाजिक निर्णय जितके जास्त अवलंबून, तितका तो आकडा बिघडवण्याचा मोह मोठा आणि ज्या गोष्टीचे मोजमाप करायचे तीच गोष्ट वाकडी होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्या पडद्यावर शिक्षक आपल्या वर्गातील उणिवा प्रामाणिकपणे नोंदवणार, त्याच पडद्यावरून शाळांची क्रमवारी लावली आणि खुलासे मागवले, तर उणिवांची नोंद बंद होईल. मुलांना वाचता येत नाही हे लपवायला व्यवस्थेनेच भाग पाडले, असे होईल. म्हणून शिक्षकाच्या रोजच्या नोंदी आणि प्रशासनाच्या तपासणीचे आकडे यांच्यात भिंत असलीच पाहिजे. तपासणीसाठी वेगळ्या, ठरावीक वेळी घेतलेल्या चाचण्या असाव्यात.

शिक्षकांना तंत्रज्ञान जमत नाही, त्यांना आणखी प्रशिक्षण द्या, असेही ऐकू येते. हे तर वस्तुस्थितीला सोडून आहे. २०२० च्या टाळेबंदीत राज्यभरच्या शिक्षकांनी व्हॉट्सॲपवर वर्ग चालवले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडच्या प्रयोगासह त्यांच्या कामासाठी त्याच वर्षी ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. अडचण शिक्षकात नाही, पडद्यात आहे. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नीलसन यांनी १९९४ मध्ये वापरसुलभतेची दहा तत्त्वे मांडली. चूक होण्याआधीच ती टाळणे आणि वापरणाऱ्याच्या परिचयाची भाषा वापरणे ही त्यांपैकीच. अर्धा भरलेला फॉर्म नेट गेल्यावर पुसला जाणे, आडनाव आधी की नाव आधी यावरून आधारशी जुळणी न होणे, सूचना केवळ इंग्रजीत येणे, जन्मतारखेतील दिवस-महिन्याचा क्रम उलटणे, या चुका प्रशिक्षणाने सुटत नाहीत. त्या बांधणीतच दुरुस्त कराव्या लागतात.

याउलट टोकाचे मतही आहे: हजेरीचा कॅटलॉग आणि नोंदवही पुरेशी आहे, पडदाच नको. या मताला अनुभवाचा आधार आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका वगळता अशैक्षणिक कामे शिक्षकांकडे सोपवण्यास मनाई केली असूनही त्यांचा दिवस नोंदींनी खाल्ला जातो, ही तक्रार खरी आहे. कॅटलॉगची रचनाही उत्तम आहे. एक ओळ एक मूल, एका पानावर महिना. पण तो पान उलटल्यावरचे दाखवत नाही. बीड किंवा अहिल्यानगरमधील मूल दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाते आणि हंगाम संपल्यावर परतते. कॅटलॉगमध्ये त्याच्यापुढे गैरहजेरीची रांग लागते. ते कारखान्याच्या परिसरातील शाळेत बसले का, काय शिकले, कुठे थांबले, हे परत आल्यावर कोणालाच माहीत नसते. शिक्षण हमी कार्डाची योजना याच मुलांसाठी आली, पण कागद प्रवासात हरवतो. मुलामागून त्याची नोंद जाणे, हे काम डिजिटल साधनच नीट करू शकते. शिक्षकाची बदली झाल्यावर वर्षभराचे निरीक्षण नव्या शिक्षकापर्यंत पोचणे, हेही असेच.

तेव्हा डॅशबोर्ड हवा, पण तो भरणाऱ्याला आधी उपयोगी पडणारा हवा. पहिल्या पडद्यावर तीनच गोष्टी पुरेत: सलग काही दिवस न आलेली मुले, आज कोणत्या कौशल्यावर कोणते गट बसवायचे ती नावे, आणि शिक्षकाने स्वतः नोंदवून ठेवलेले स्मरण. बाकी सारे एका बोटाच्या अंतरावर असावे. यादीचा क्रम कॅटलॉगप्रमाणे असावा, म्हणजे नाव शोधावे लागणार नाही. सर्व मुले उपस्थित धरून केवळ गैरहजर मुलांवर खूण करता यावी आणि चुकून केलेली खूण लगेच मागे घेता यावी. एकदा भरलेली हजेरी पोषण आहाराच्या नोंदीत आपोआप जावी; न जेवणाऱ्या मुलांची संख्या तेवढी शिक्षकाने दुरुस्त करावी. गैरहजेरीमागे आजार, स्थलांतर, घरकाम अशी कारणे निवडता यावीत, कारण प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो. आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी मराठीत बोलून करता याव्यात. नेट नसताना सारे चालावे आणि नेट आल्यावर माहिती स्वतः पुढे जावी. रंगासोबत चिन्ह किंवा शब्द असावा, कारण लाल आणि हिरवा यांत फरक न कळणारे शिक्षकही असतात.

मुलाची जात, आधार क्रमांक, अपंगत्व किंवा घरची परिस्थिती पहिल्या पडद्यावर कधीच नसावी; वर्गातल्या टीव्हीला मोबाइल जोडताच ती सर्वांना दिसेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे. मुलांची अनावश्यक माहिती गोळाच न करणे हा त्यांच्या रक्षणाचा सर्वांत पक्का मार्ग आहे.

अशा पडद्याची परीक्षा सादरीकरणाच्या सभागृहात होत नाही. द्विशिक्षकी शाळेत, स्वस्त मोबाइलवर, प्रवेशाच्या धांदलीच्या जून महिन्यात आणि ऊसतोडीची मुले परतण्याच्या काळात तो वापरून पाहावा लागतो. नोंदीला किती मिनिटे लागली हे तर मोजावेच, पण पडदा पाहून दुसऱ्या दिवशी शिक्षिकेने वर्गात काय बदलले हेही विचारावे. एका सत्रात ज्या चौकटीमुळे एकाही वर्गात काही बदलले नाही, ती पुढच्या सत्रात काढून टाकावी, आणि ती काढण्याचा अधिकार वर्गावर शिकवणाऱ्या शिक्षकांच्या समितीकडे असावा.