फाट्यावरचा माणूस कुणाचा?

येडशी हे चौफुलीचं गाव. सोलापूर-धुळे महामार्ग इथून जातो, लातूर-बार्शी रस्ता त्याला इथंच छेदतो, शिवाय रेल्वे स्टेशन आहे. रामलिंगाच्या दर्शनाला येणाऱ्यांची वर्दळ वेगळी. श्रावणात तर विचारूच नका. अशा गावाच्या फाट्यावर एखादा माणूस हमखास बसलेला असतो. केसांच्या जटा झालेल्या, भर उन्हाळ्यात अंगात तीन-तीन शर्ट, काखेत गाठोडं आणि तोंडानं काहीतरी पुटपुटणं चाललेलं. हॉटेलवाला शिळी भजी देतो, पोरं खडे मारतात. चार-सहा महिन्यांनी तो दिसेनासा होतो आणि दुसरा कुणी येतो. पहिला कुठून आला, कुठं गेला, कुणी विचारत नाही. रामलिंगाच्या माकडांना आपण हौसेनं केळी चारतो. या माणसाला साधं नाव विचारत नाही.

"वेडा आहे" म्हटलं की आपली चौकशी संपते. वास्तविक ती तिथून सुरू व्हायला पाहिजे. हा माणूस आभाळातून पडलेला नाही. त्याला घर आहे, आणि त्या घरात त्याची वाट बघणारं कुणीतरी बहुधा अजून आहे.

मुंबईत डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांना असाच एक पोरगा गटाराचं पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याला नेऊन उपचार केले. पोरगा बरा झाला आणि बोलू लागला, तेव्हा कळलं की तो आंध्रातला पदवीधर, बाप जिल्हा परिषदेत अधिकारी! तिथून त्यांचं काम वाढलं. कर्जतच्या त्यांच्या श्रद्धा संस्थेनं रस्त्यावरची अशी हजारो माणसं बरी करून देशभर त्यांच्या त्यांच्या घरी पोचवली. २०१८ साली डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. भटकणाऱ्या बायकांसाठी असंच काम नगरकडे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांची माऊली संस्था करते. सांगायचा मुद्दा असा की औषधानं ही माणसं सुधारतात, आणि सुधारली की पुष्कळ जण आपल्या गावाचं नावही सांगतात.

आता दुसरी बाजू बघू. आपल्याकडून दरसाल दिवाळीच्या आगेमागे टोळ्या ऊसतोडीला जातात, त्या थेट उन्हाळा लागेपर्यंत. त्यांतलं एखादं माणूस असंच दुसऱ्या कुठल्या फाट्यावर बसलेलं नसेल कशावरून?

आमच्या भागातल्या एका बाईची हकिकत सांगतो. नाव-गाव देत नाही. तिच्या नवऱ्याला झोपेचा आणि संशयाचा आजार. गोळ्या चालू होत्या तोवर माणूस बरा होता. तोडीला जाताना महिन्याच्या गोळ्या बरोबर घेतल्या, त्या संपल्या. कारखान्याच्या गावात दवाखाना कुठं ते माहीत नाही, आणि खाडा केला तर पैसे कापणार. मग रात्र-रात्र जागरण, कोपीबाहेर फेऱ्या, कुणीतरी मारायला येतंय म्हणून ओरडणं. मुकादम म्हणाला, ढोंग आहे. एका पहाटे नवरा उठून गेला तो गेलाच. मुकादम तिलाच म्हणाला, "तुझा मालक उचल बुडवून पळाला बघ." उचल फेडायला तिनं उरलेला हंगाम अर्ध्या कोयत्यावर काढला. तिथलं ठाणं म्हणालं, तुमच्या गावी नोंद करा. इथलं ठाणं म्हणालं, "बाई, जिथं हरवला तिथं जा." आजही ती नवऱ्याचा फोटो पदराच्या गाठीला बांधून असते.

यात आजार आहेच. पण उचल घेतलेला माणूस गायब झाला की तो आजारी असेल असं कुणाच्या मनातच येत नाही. तो पळालेला ठरतो, आणि पळालेल्या माणसाला वसुलीसाठी शोधतात, दवाखान्यात न्यायला नाही.

शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी २०१५ साली आपल्या जिल्ह्यात प्रेरणा प्रकल्प आला. आशाताई घरोघरी जाऊन चौकशी करू लागल्या. काम चांगलं, पण ज्याचं दार अर्धं वर्ष कुलूपबंद, त्याची चौकशी ताईंनी करायची कशी?

आणि परगावचे मजूर आपल्याकडे येतात, त्यांचं काय? जून २०२३ मध्ये ढोकी पोलिसांनी खामसवाडी आणि वाखरवाडी इथून ११ मजूर सोडवले. विहीर खोदायला आणलेली माणसं ठेकेदारांनी पळू नयेत म्हणून रात्री साखळीनं बांधली होती. एक जण निसटून हिंगोली जिल्ह्यातल्या आपल्या गावी पोचला, त्यानं तिथल्या पोलिसांना सांगितलं, तेव्हा इकडं सुटका झाली. ढोकी आपल्यापासून लांब नाही. आणि विहीर काही चोरून खोदता येत नाही. परका मजूर कोण, कुठला, जेवला का, हे शिवारात विचारायची आपली सवयच गेली आहे.

कायदा मात्र स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा, मे २०१८ पासून लागू. त्याच्या १०० व्या कलमाप्रमाणे असा भटकणारा माणूस आढळला तर ठाणे अंमलदारानं त्याला संरक्षणात घ्यायचं, कोठडीत टाकायचं नाही, आणि चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला न्यायचं. बेघर असेल तर बेपत्ता व्यक्ती म्हणून गुन्हा नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घेणं हेही पोलिसांचंच कर्तव्य. म्हणजे सापडलेल्याचीसुद्धा नोंद करायची! हे किती पोलीस पाटलांना माहीत आहे? हरवल्याची तक्रार द्यायला चोवीस तास थांबावं लागतं, हा समजही खोटा आहे. असा नियम कुठंही नाही.

ग्रामपंचायतीनं करण्यासारखं काम फार खर्चाचं नाही. ऊसतोड मजुरांची नोंद करून त्यांना ओळखपत्रं देण्याचं काम २०२१ पासून ग्रामसेवकांकडे आहे (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं). त्याच वहीत फोटो, कारखाना, मुकादमाचा फोन आणि चालू असलेली औषधं एवढं लिहून ठेवावं. ज्याच्या गोळ्या चालू आहेत, त्याला निघण्याआधी सरकारी दवाखान्यातून जास्त दिवसांच्या गोळ्या मिळाव्यात, यासाठी आरोग्य केंद्रानं चिठ्ठी द्यावी. वाटेत अडचण आली तर १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात. मुकादमांनीही तो आपल्या फोनमध्ये घालून ठेवावा.

आणि फाट्यावरच्या त्या माणसाजवळ चहाचा कप घेऊन कुणीतरी पाच मिनिटं बसावं. नाव विचारावं, गाव विचारावं. पहिल्या दिवशी सांगणार नाही. जे शब्द तोंडातून येतील ते लिहून घ्यावेत आणि पोलीस पाटलाकडे द्यावेत. टोळ्यांच्या गाड्या निघायच्या आत येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला काय हरकत आहे?